विद्यार्थ्याचा एक्स-रे चुकतो, तेव्हा नेमके काय चुकते?

प्रश्न : मी १४ वर्षे रेडिओग्राफर (एक्स-रे काढणारी तंत्रज्ञ) म्हणून काम केले आणि गेल्या वर्षापासून दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रतिमावाचन शिकवते आहे. दर आठवड्याला एक भाग घेते: कधी मनगट, कधी कोपर, कधी घोटा, कधी छाती. त्या भागातल्या दोषांच्या प्रतिमा प्रोजेक्टरवर दाखवते, खुणा समजावून सांगते, प्रश्न विचारते आणि वर्गात उत्तरेही चांगली येतात. सत्राच्या शेवटी मात्र ४० नव्या प्रतिमा दिल्या, तेव्हा निकाल पाहून मी निराश झाले. काहींनी निरोगी हाडांवर फ्रॅक्चर लिहिले, तर काहींनी उघड दिसणारे फ्रॅक्चर सोडून 'नॉर्मल' लिहिले. 'नीट आणि क्रमाने बघा' हे तर मी शंभर वेळा सांगितले आहे. त्यातच एका हुशार विद्यार्थ्याने विचारले, की निदान हे रेडिओलॉजिस्टचे (प्रतिमा वाचून अहवाल देणाऱ्या डॉक्टरांचे) काम असताना आपण हे शिकायचेच कशासाठी? त्याला पटेल असे उत्तर मला देता आले नाही. माझे कुठे चुकते आहे?
— एक अध्यापिका

उत्तर : सप्रेम नमस्कार.

चुका किती झाल्या हे तुम्ही मोजले आहे, पण त्या कोणत्या जातीच्या होत्या हे मोजलेले नाही, आणि माझ्या मते पुढचे सगळे शिकवणे त्यावर अवलंबून आहे. ज्या विद्यार्थ्याची नजर त्या जागी गेलीच नाही, ज्याची नजर गेली पण काही वेगळे आहे हे ज्याला जाणवले नाही, आणि ज्याला जाणवले पण 'हे असेच असते' असे समजून ज्याने ते सोडून दिले, ते तिघेही उत्तरपत्रिकेवर एकच शब्द लिहितात : नॉर्मल. तिघांनाही 'नीट बघा' असे सांगून उपयोग होत नाही, कारण त्यांच्यापैकी फार तर एकाचीच अडचण बघण्याची आहे.

याकडे वळण्याआधी एक साधी गोष्ट तपासून घ्या. तुमच्या ४० प्रतिमा प्रोजेक्टरवर दाखवल्या होत्या की मॉनिटरवर? उजेड असलेल्या वर्गात प्रोजेक्टर करड्या रंगाच्या जवळजवळच्या छटा एकमेकींत मिसळून टाकतो. फुफ्फुस आकसल्यावर छातीत दिसणारी हवेची बारीक कड किंवा हाडातली केसासारखी रेषा अशा पडद्यावर अनुभवी माणसालाही दिसत नाही. शिवाय विद्यार्थ्याला स्वतः प्रतिमा मोठी करता येत नाही आणि विंडोही (काळ्या-पांढऱ्या छटांची मांडणी) बदलता येत नाही. परीक्षा प्रोजेक्टरवर झाली असेल, तर निकालातल्या काही चुका विद्यार्थ्यांच्या नसून पडद्याच्या आहेत. पुढच्या वेळी मंद उजेडाच्या खोलीत, चांगल्या मॉनिटरवर, एकेका विद्यार्थ्याला प्रतिमा हाताळू देऊन परीक्षा घ्या.

आता मुख्य मुद्दा. १९७८ साली हॅरोल्ड कुंडेल, कॅल्विन नोडीन आणि त्यांच्या सहकाऱ्याने छातीच्या एक्स-रेमधल्या फुफ्फुसातील गाठी शोधताना वाचकांची नजर कुठे कुठे जाते याची नोंद घेतली. सुटलेल्या गाठींपैकी सुमारे ३० टक्के गाठींकडे नजर वळलीच नव्हती. सुमारे २५ टक्के गाठींवरून नजर गेली होती, पण तिथे ती थांबली नव्हती. उरलेल्या सुमारे ४५ टक्के गाठींवर मात्र नजर चांगली रेंगाळली होती आणि तरीही वाचकाने ती गाठ नाही असे ठरवले होते. शोधण्याची चूक, ओळखण्याची चूक आणि निर्णयाची चूक अशी ही तीन प्रकारांची मांडणी आजही शिकवणाऱ्याच्या सर्वाधिक उपयोगाची आहे असे मला वाटते. सर्वांत मोठा वाटा निर्णयाचा आहे, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण आपण शिकवतो ते बहुतेक वेळा शोधणे असते.

नजरेची नोंद घेणारे यंत्र तुमच्याकडे नसले, तरी चुकीची जात ओळखता येते. चुकलेली प्रतिमा त्याच विद्यार्थ्यासमोर पुन्हा ठेवा आणि काहीही न सुचवता, 'तुम्ही हे कसे पाहिले ते बोटाने दाखवत, मोठ्याने सांगा' असे म्हणा. दोषाच्या जागी बोट गेलेच नाही, तर शोधण्याची चूक समजा. बोट तिथून सरकले पण त्याबद्दल काहीच बोलणे झाले नाही, तर तुम्ही त्या जागेवर बोट ठेवा आणि विचारा, 'इथे काय दिसते?' आताही त्याला काहीच वेगळे दिसले नाही, तर त्याला निरोगी रचनेचे चित्रच पुरेसे माहीत नाही. आणि 'हो, ती रेषा मी पाहिली होती, पण मला ती वाढीची रेषा (वाढत्या हाडातली कूर्चेची पट्टी) वाटली' असे उत्तर आले, तर चूक निर्णयाची आहे. 'यात काहीतरी आहे' असे आधीच सांगून टाकू नका. तेवढ्या एका वाक्याने विद्यार्थ्याची नजर बदलते आणि चूक कुठली होती ते मग कळत नाही. एका विद्यार्थ्यामागे पाच-सहा चुकांची अशी उलटतपासणी केली, तरी त्याचा कल स्पष्ट होतो.

शोधण्याच्या चुकीवर ठरलेला क्रम हा उपाय आहे, आणि तो तुम्ही शिकवलाच आहे. हाडांसाठी सांध्यांची रांग, मग हाड, मग सांध्यातली फट, मग भोवतीचे मऊ ऊतक. छातीसाठी फुफ्फुसांची टोके, हृदयामागचा भाग, फुफ्फुसांची मुळे, श्वासपटलाखालची जागा, बरगड्या आणि खांदे. पण हा क्रम पाठ म्हणून दाखवण्याला गुण देऊ नका. क्रम म्हणणारा विद्यार्थी 'हाड' हा शब्द उच्चारून पुढे जातो, पण हाडाची बाहेरची कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजरेने गिरवत नाही. त्याला ती खरोखर गिरवू द्या. पारदर्शक कागद ठेवून निरोगी मनगटाची आणि कोपराची बाह्यरेषा काढायला लावण्याची जुनी पद्धत वेळखाऊ आहे, तरी मी ती कधी सोडली नाही, कारण जिथे कड अचानक थांबते किंवा तिला बारीक पायरी पडते तिथे पेन्सिल अडखळते, आणि ते अडखळणे विद्यार्थ्याच्या लक्षात राहते.

या प्रकारातली सर्वांत घातक चूक म्हणजे एक दोष सापडल्यावर शोध थांबणे. तिची गोष्ट मला माझ्या स्वतःच्या कामातून सांगावी लागेल. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी उंचावरून पडलेल्या एका तरुणाच्या मनगटाचे एक्स-रे मी काढले. अल्नाच्या, म्हणजे करंगळीच्या बाजूच्या लांब हाडाच्या, टोकाचे लहानसे फ्रॅक्चर मला दिसले, मी ते डॉक्टरांना दाखवले आणि समाधानाने पुढच्या रुग्णाकडे वळले. बाजूने घेतलेल्या प्रतिमेत ल्युनेट हे मनगटातले लहान हाड आपल्या जागेवरून निसटलेले होते, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. ती प्रतिमा मीच काढली होती आणि पोझिशनही उत्तम होती. बाजूच्या प्रतिमेत रेडिअसच्या (अंगठ्याकडच्या लांब हाडाच्या) बशीवर ल्युनेटची वाटी आणि त्या वाटीत कॅपिटेट या शेजारच्या हाडाचा चेंडू बसलेला असतो. माझ्या प्रतिमेत वाटी कलंडलेली होती आणि चेंडू बाहेर होता. मी निष्काळजी नव्हते, मला एक उत्तर मिळाले होते आणि म्हणून माझी नजर थांबली होती. तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना प्रत्येक सापडलेल्या दोषासोबत त्याचा जोडीदार शोधायला शिकवते. कटीची हाडे कड्यासारखी जोडलेली आहेत, म्हणून एके ठिकाणी तुटलेले दिसले की दुसरे ठिकाण शोधायचे. हाताच्या पुढच्या भागात एक हाड तुटून आखूड झाले असेल, तर दुसऱ्या हाडाचे मनगटाजवळचे आणि कोपराजवळचे सांधे तपासायचे. बरगडी तुटलेली दिसली, की फुफ्फुसाची कड पाहायची. घोटा मुरगळलेल्या रुग्णाच्या प्रतिमेत पाचव्या मेटाटार्सलचा (पावलातल्या करंगळीकडच्या लांब हाडाचा) पाया नजरेखालून घालायचा. हे जोडीदार क्रमाच्या यादीपेक्षा अधिक चांगले लक्षात राहतात, कारण त्यांच्यामागे कारण असते.

आपण जे शोधत नाही ते समोर असूनही दिसत नाही, हे विद्यार्थ्यांना पटवण्यासाठी २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग जरूर सांगा. फुफ्फुसातील गाठी मोजण्यात गुंतलेल्या २४ रेडिओलॉजिस्टना दाखवलेल्या सीटी प्रतिमांमध्ये संशोधकांनी गोरिलाचे एक चित्र मिसळले होते. ते साधारण गाठीच्या ४८ पट मोठे होते. २४ पैकी २० जणांना ते दिसले नाही, आणि न दिसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांची नजर नेमकी त्या जागेवरून गेली होती. तज्ज्ञांचे असे होते हे ऐकल्यावर विद्यार्थ्यांची चुका लपवण्याची वृत्ती कमी होते, असा माझा अनुभव आहे.

ओळखण्याच्या चुकीकडे आपल्याला अधिक वेळ द्यावा लागेल, कारण तुमच्या पत्रातला खरा दोष मला इथे दिसतो. तुम्ही एका तासाला एकच भाग घेता आणि त्यातही दोषाच्याच प्रतिमा दाखवता. कोपराच्या तासाला समोर आलेल्या प्रत्येक प्रतिमेत कोपराचे काहीतरी बिघडलेले असणार, हे विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असते. त्याला 'आहे की नाही' हा प्रश्न पडतच नाही. तो फक्त 'कोणते' हे शोधतो, आणि ते शोधायला तुमचे त्या दिवसाचे व्याख्यान पुरते. परीक्षेत पहिल्यांदाच त्याच्यासमोर निरोगी हाड येते आणि ते तो ओळखू शकत नाही, कारण ते त्याने पाहिलेलेच नाही. निरोगी प्रतिमा आधी दाखवा, भरपूर दाखवा आणि निरनिराळ्या वयांच्या दाखवा. त्यानंतर सगळ्या भागांच्या प्रतिमा एकमेकींत मिसळा. मिसळलेल्या संचांनी वर्गातली उत्तरे सुरुवातीला बिघडतील आणि विद्यार्थी तक्रार करतील, तरी महिनाभर धीर धरा.

लहान मुलांचे कोपर हे यासाठी सर्वांत चांगले शिक्षक आहे. कॅपिटेलम, रेडिअसचे डोके, आतला एपिकाँडाइल, ट्रॉक्लिया, ओलेक्रॅनॉन आणि बाहेरचा एपिकाँडाइल ही सहा अस्थिकेंद्रे (कूर्चेचे हाड होऊ लागते त्या जागा) साधारण १, ३, ५, ७, ९ आणि ११ या वयांच्या सुमारास दिसू लागतात. वये मुलागणिक मागेपुढे होतात, पण क्रम बहुधा तोच राहतो, आणि उपयोग वयांचा नसून त्या क्रमाचाच आहे. पडलेल्या मुलाच्या कोपरात ट्रॉक्लियाच्या जागी हाडाचा तुकडा दिसत असेल आणि आतला एपिकाँडाइल मात्र त्याच्या जागी नसेल, तर तो तुकडा ट्रॉक्लिया नसून तुटून सांध्यात अडकलेला एपिकाँडाइल असण्याची शक्यता धरावी लागते. हे एक उदाहरण विद्यार्थ्याला समजले, की क्रम पाठ करण्यामागचा हेतू त्याला वेगळा सांगावा लागत नाही.

त्याच कोपरात आणखी दोन गोष्टी आहेत. बाजूच्या प्रतिमेत ह्युमरसच्या (दंडाच्या हाडाच्या) पुढच्या कडेवरून खाली काढलेली रेषा कॅपिटेलमच्या मधल्या तिसऱ्या भागातून गेली पाहिजे. कॅपिटेलम तिच्या मागे राहिले असेल, तर सांध्याच्या वरच्या बाजूच्या फ्रॅक्चरचा संशय घ्यायचा, फ्रॅक्चरची रेषा दिसो अथवा न दिसो. दुसरी गोष्ट चरबीच्या सावलीची. ह्युमरसच्या मागे दिसणारी काळी पट्टी सांध्यात द्रव साठल्याची खूण आहे आणि दुखापतीनंतर ती दिसली, तर न दिसणाऱ्या फ्रॅक्चरचा विचार करावा लागतो. पण ही खूण विश्वासार्ह ठरते ती कोपर ९० अंशांत वाकवून खऱ्या बाजूने घेतलेल्या प्रतिमेत. कोपर सरळ ठेवलेले असेल, तर मागची चरबी एरवीही डोकावू शकते.

शेवटच्या वाक्याकडे मी तुमचे मुद्दाम लक्ष वेधते, कारण प्रतिमावाचन शिकवण्यात तुमच्यासारख्या अनुभवी रेडिओग्राफरची खरी ताकद तिथे आहे. प्रतिमेत दिसते ते रुग्णाचे आहे की आपल्या पोझिशनचे, हा प्रश्न रेडिओग्राफरइतका नेमका फार थोड्यांना विचारता येतो. छातीच्या प्रतिमेत दोन्ही कॉलरबोनची आतली टोके मणक्याच्या मधल्या काट्यापासून सारख्या अंतरावर नसतील, तर एका बाजूचे फुफ्फुस केवळ रुग्ण वळल्यामुळे अधिक काळे दिसू शकते. पुढून घेतलेल्या पोर्टेबल प्रतिमेत हृदय मोठे दिसते, म्हणून 'हृदयाची रुंदी छातीच्या निम्म्याहून कमी' हा मागून पुढे घेतलेल्या प्रतिमेचा नियम तिथे जसाच्या तसा लावता येत नाही. श्वास पुरेसा घेतलेला नसेल, तर फुफ्फुसांच्या तळाशी खोटी गर्दी दिसते. प्रत्येक प्रतिमेबाबत पहिला प्रश्न 'ही प्रतिमा वाचण्यायोग्य आहे का?' असा असू द्या, आणि त्याचे उत्तर पोझिशनिंगच्या भाषेत मागा. त्यालाच जोडून दुसरा प्रश्न येतो : 'आणखी कोणता व्ह्यू (दुसऱ्या कोनातली प्रतिमा) घेतला तर हा संशय मिटेल?' मागच्या बाजूला निखळलेला खांदा समोरून घेतलेल्या प्रतिमेत जवळजवळ निरोगी वाटतो, फक्त ह्युमरसचे डोके विजेच्या दिव्यासारखे गोल दिसते. दुसरा व्ह्यू घेतल्याशिवाय तो नक्की सांगता येत नाही. गुडघ्याची बाजूची प्रतिमा रुग्णाला झोपवून आडव्या किरणाने घेतली, तरच सांध्यातल्या रक्तावर तरंगणारी चरबीची सरळ पातळी दिसते, आणि ती तुटलेल्या हाडातून आली आहे हे कळते. असे जोडलेले ज्ञान देणारी व्यक्ती वर्गात तुम्हीच आहात.

निरोगी रचनेतले फसवे प्रकार मात्र वेगळ्या तासाला शिकवू नका, ते जोड्यांनी दाखवा. पाचव्या मेटाटार्सलच्या पायाशी किशोरवयात दिसणारी, हाडाच्या लांबीला समांतर जाणारी वाढीची रेषा आणि तिथेच आडवे जाणारे फ्रॅक्चर शेजारी शेजारी ठेवा. गुडघ्याच्या वाटीचा वरच्या-बाहेरच्या कोपऱ्यातला, गुळगुळीत कडांचा जन्मजात सुटा भाग आणि वाटीचे खरे फ्रॅक्चर शेजारी ठेवा. दोन हाडांच्या कडा एकमेकींवर आल्यावर डोळ्याला भासणारी काळी रेषा आणि खरी रेषाही तशीच ठेवा. भासाची रेषा बहुधा हाडाच्या कडेबाहेरही पुढे चालू राहते. फरक तुम्ही सांगू नका, विद्यार्थ्यांना लिहू द्या.

आता निर्णयाची चूक. तुमच्या वर्गात दोन टोकांचे विद्यार्थी आहेत, हे पत्रावरूनच दिसते, आणि एकूण गुणांच्या पद्धतीत त्यांच्यातला फरक दिसत नाही. समजा, ४० पैकी २० प्रतिमांत दोष आहे आणि २० निरोगी आहेत. पहिल्या विद्यार्थ्याने ३८ प्रतिमांवर दोष लिहिला : त्याने २० पैकी २० दोष पकडले, पण निरोगी प्रतिमांपैकी फक्त २ बरोबर ओळखल्या. त्याचे गुण ४० पैकी २२. दुसऱ्याने ९ प्रतिमांवरच दोष लिहिला आणि ते नऊही बरोबर निघाले : त्याने सगळ्या २० निरोगी प्रतिमा बरोबर ओळखल्या, पण ११ दोष सोडले. त्याचे गुण ४० पैकी २९. गुणपत्रिका दुसऱ्याला पुढे ठेवते, आणि प्रत्यक्षात त्याच्या हातून ११ रुग्ण निसटले आहेत. म्हणून प्रत्येकासाठी दोन आकडे वेगवेगळे लिहा : दोषांपैकी किती पकडले आणि निरोगींपैकी किती ओळखले. पहिल्या आकड्याला संवेदनशीलता आणि दुसऱ्या आकड्याला विशिष्टता म्हणतात, हे त्यांना दुसऱ्या वर्षातच कळायला हरकत नाही. पहिल्या विद्यार्थ्याला निरोगी प्रतिमांचा सराव हवा आहे. दुसऱ्याला बहुधा ज्ञानाची नव्हे, तर चुकण्याची परवानगी हवी आहे.

ती परवानगी देण्याची एक पद्धत मी अनेक वर्षे वापरली. उत्तर उघड करण्याआधी प्रत्येकाने लेखी उत्तर द्यायचे आणि त्यासोबत १ ते ५ असा खात्रीचा आकडा लिहायचा : १ म्हणजे नक्की निरोगी, ५ म्हणजे नक्की दोष, ३ म्हणजे ठरवता येत नाही. हात वर करून उत्तरे घेतली, की हुशार विद्यार्थ्याचे उत्तर सगळ्या वर्गाचे होते आणि बाकीच्यांच्या मनात 'मलाही हेच वाटले होते' अशी खोटी समजूत राहते. कागदावर लिहिलेला आकडा तसे होऊ देत नाही. निर्णयात चुकणाऱ्या भित्र्या विद्यार्थ्याच्या कागदावर ३ आणि २ यांची रांग दिसते, आणि त्याने २ लिहिलेल्या कितीतरी प्रतिमांत खरोखर दोष होता हे त्याला दाखवता येते : तुमच्या डोळ्याला ते दिसले होते, तुम्ही त्यावर विश्वास ठेवला नाही. जो खात्रीने ५ लिहून चुकतो, त्याच्याशी बोलणे वेगळे असते आणि ते एकट्याने, वर्गाबाहेर करावे. ३ हा आकडा प्रामाणिक समजा, मात्र त्यासोबत पुढची कृती लिहून घ्या : कोणता जादा व्ह्यू, कुणाला विचारणार, किती तातडीने. पडल्यानंतर अंगठ्याच्या बुडाशी दुखणाऱ्या रुग्णाच्या स्कॅफॉइडमध्ये (मनगटातल्या एका लहान हाडात) पहिल्या दिवशी रेषा दिसतेच असे नाही, आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढण्याची प्रथा त्यामुळेच आहे. अशा ठिकाणी 'ठरवता येत नाही' हेच योग्य वाचन असते.

संचात निम्म्या प्रतिमा दोषाच्या ठेवणे सरावासाठी सोयीचे आहे, पण रोजच्या कामात दोष इतके सापडत नाहीत, आणि क्वचित येणारी गोष्ट नजरेतून अधिक निसटते. म्हणून सत्राच्या शेवटी असे काही संच द्या, ज्यांत वीसपैकी दोन किंवा तीनच दोष असतील आणि ते किती आहेत हे विद्यार्थ्यांना सांगितलेले नसेल.

शब्दांकनाबाबत माझा आग्रह थोडा कडक आहे. व्यक्तींच्या नावांनी ओळखली जाणारी फ्रॅक्चरची नावे पहिल्या सत्रात लिहू देऊ नका. 'फ्रॅक्चर?' एवढेच लिहून सुटण्याची सवयही लागू देऊ नका. कोणते हाड, त्याचा कोणता भाग, काय झाले आहे आणि तुकडा कोणत्या दिशेला सरकला आहे, हे वाक्यात यायला हवे : 'उजव्या रेडिअसच्या मनगटाकडच्या टोकाला आडवे फ्रॅक्चर, मनगटाकडचा तुकडा मागच्या बाजूला सरकलेला आणि कललेला, अल्नाच्या टोकाचेही फ्रॅक्चर.' असे वाक्य लिहिणाऱ्याला नाव आठवले नाही तरी काही बिघडत नाही. नाव लिहून वर्णन न करू शकणारा मात्र वाचत नसतो, आठवत असतो.

प्रतिमा जमवताना रुग्णाचे नाव, क्रमांक आणि तारीख काढून टाकावी लागते. हा मजकूर फाइलमधल्या माहितीत असतो, तसाच कधी कधी प्रतिमेच्या कोपऱ्यात उमटलेलाही असतो. प्रत्येक प्रतिमेचे उत्तर रेडिओलॉजिस्टच्या अहवालावरून, आणि शक्य तिथे पुढच्या तपासणीवरून पक्के केलेले असावे. आपल्या डोळ्याला जे वाटले, ते उत्तर म्हणून शिकवू नये, हे मला स्वतःला शिकायला बराच काळ लागला.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येते. त्याचा प्रश्न उद्धट नाही आणि त्याला सरळ उत्तर मिळायला हवे. अहवाल देणे आणि रुग्णाला निदान सांगणे हे त्याचे काम नाही, हे त्याला आधी मान्य करून सांगा. पण प्रतिमा सर्वांत आधी तो पाहतो आणि त्या क्षणी रुग्ण त्याच्यासमोर टेबलावर असतो. जादा व्ह्यू घ्यायचा की नाही, कुणाला लगेच बोलवायचे की नाही, हे त्याला अहवाल येण्याआधी ठरवावे लागते, आणि काहीच न ठरवणे हाही रुग्णाच्या दृष्टीने एक निर्णयच असतो. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात रेडिओग्राफरने संशयास्पद प्रतिमेवर लाल ठिपका लावण्याची पद्धत सुरू झाली, ती याच विचारातून. अपघात विभागातल्या नवख्या डॉक्टरांच्या हातून फ्रॅक्चर सुटू नयेत, हा तिचा हेतू होता. तिच्यात एक उणीव होती : ठिपका नसलेल्या प्रतिमेचा अर्थ निरोगी असा होता, की रेडिओग्राफरला ठरवता आले नव्हते, की त्याने पाहिलेच नव्हते, हे वाचणाऱ्याला कळत नसे. त्यामुळे पुढे ठिपक्याऐवजी शब्दांत प्राथमिक अभिप्राय लिहिण्याकडे व्यवसायाचा कल झुकला. तुमचे विद्यार्थी जिथे काम करतील तिथे किती लिहावे याचे नियम वेगळे असतील आणि ते त्यांनी पाळलेच पाहिजेत. पण लिहिण्याची मुभा नसलेल्या ठिकाणीही फोन उचलण्याची गरज पडतेच.

या विद्यार्थ्याला फ्रॅक्चरचा संच देऊ नका, नळ्यांचा द्या. नाकातून पोटात घातलेली नळी नीट बसली आहे का हे पाहण्यासाठी घेतलेल्या छातीच्या दहा-बारा प्रतिमा निवडा. नळी मध्यरेषेतून खाली आली पाहिजे, श्वासनळी जिथे दुभागते ती जागा तिने मधोमध ओलांडली पाहिजे, श्वासपटलही मध्याजवळ ओलांडले पाहिजे आणि टोक डाव्या श्वासपटलाच्या खाली स्पष्ट दिसले पाहिजे. एका प्रतिमेत ती उजव्या मुख्य श्वासनलिकेत शिरलेली असू द्या. ती प्रतिमा त्याच्यासमोर ठेवा आणि सांगा, की रुग्ण वॉर्डात परत निघाला आहे, परिचारिका नळीतून अन्न सुरू करण्याच्या तयारीत आहे आणि अहवाल यायला अवकाश आहे. तो कुणाला फोन करील आणि नेमक्या कोणत्या शब्दांत सांगेल, हे त्याला दोन ओळींत लिहायला लावा, आणि त्या दोन ओळी दुरुस्त करण्यापासून त्याचे शिकवणे सुरू करा.